नव्याने हुशार झालेल्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

सर्वप्रथम अभिनंदन! शिष्यवृत्तीचा निकाल लागला, जिल्ह्याच्या यादीत तुझं नाव आलं, शाळेच्या फाटकावर तुझा फोटो असलेला फ्लेक्स लागला, आणि त्यावर नगरसेवकांचा तुझ्याहून मोठा फोटोही लागला. म्हणजे आता तू रीतसर हुशार आहेस. (मुलींनी पुढे जिथे 'तो' दिसेल तिथे 'ती' वाचावं. त्यांना 'हुशार आणि किती शांत!' अशी दुहेरी पदवी मिळते, म्हणजे राखायला दोन गोष्टी.) कालपर्यंत तुला गणितं आवडत होती. ते सोड. आजपासून तुला गणितं येतात.

ही पदवी मिळाली कशी, ते एकदा समजून घे. राज्य परीक्षा परिषदेची ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीत असे, पुढे काही वर्षं ती पाचवी-आठवीत होती; तू दिलीस ती पाचवीची. दोन पेपर, मिळून ३०० गुण. एका पेपरात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. घड्याळ आरशात कसं दिसेल, मालिकेतली पुढची संख्या कोणती, गटात न बसणारं पद कोणतं, असे प्रश्न. ते तुला जमले, कारण वर्षभर सकाळी जादा तास झाले आणि सराव प्रश्नपत्रिकांची रद्दी विकून आईने एक कुकर घेतला. पण हे बाहेर बोलायचं नाही. बुद्धिमत्तेचा सराव करता येतो, हे कळलं तर लोक बुद्धिमत्तेला मानणार नाहीत. गटात न बसणारं पद ओळखण्याचा सराव मात्र चालू ठेव. सहावीत मधल्या सुट्टीत क्रिकेटच्या दोन टीम पाडतात, तेव्हा कामी येईल.

पायरी पहिली : पाहुणे

पाहुणे आले की बाहेरच्या खोलीत बोलावणं येईल. एकोणतिसाचा पाढा तयार ठेव. आई म्हणेल, "आम्ही काहीच बघत नाही हो, त्याचं तोच करतो." हे चालू असताना नजर फरशीवर. मग मावशी विचारेल, "डोकं कुणाचं घेतलंय?" या वादात पडू नये, तो तुझ्या जन्माआधीपासून चालू आहे. पोह्यांची बशी रिकामी करत काका विचारतील, "३०० पैकी २८६? मग उरलेले चौदा कुठे गेले?" हसायचं. सगळे हसतात.

त्या वेळी दाराच्या चौकटीला टेकून धाकटी बहीण उभी असेल. तिची ओळख एका वाक्यात उरकते : "ही म्हणजे नुसती हुंदडायला." झालं वाटणीपत्र. डोकं तुझ्या नावावर, हातपाय तिच्या. ती आता गणिताच्या वाटेला जाणार नाही आणि तू मैदानाच्या. सही दोघांचीही कुणी घेतलेली नाही.

पायरी दुसरी : अभ्यास लपवणे

सगळी मेख इथे आहे, म्हणून सावकाश वाच. हुशार माणसाला अभ्यास लागत नाही, असा समज आहे. याचाच अर्थ, ज्याला अभ्यास लागतो तो हुशार नाही. म्हणून रात्री अकरानंतर कर, दिवा छोटा लाव, आणि सकाळी वर्गाबाहेर, कुणी विचारायच्या आधीच जाहीर कर : "माझं काहीच झालं नाहीये रे!" आजूबाजूला आणखी चार जण हेच म्हणत असतील. ते तुझ्यासारखेच. त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं मोजत बसू नकोस.

मार्क कमी पडले, तर दोन शब्द हाताशी ठेव. पहिला 'सिली मिस्टेक'. ज्यांच्या नावाचा फ्लेक्स लागलेला नाही त्यांना गणित येत नाही, तुझ्याकडून सिली मिस्टेक होते. उदाहरणाची पद्धत साफ चुकली, तिसऱ्या ओळीपासून काहीच्या बाही लिहिलं, तरीही सिली मिस्टेक. दुसरा शब्द जास्त मोलाचा : 'आळशी'. "हुशार आहे हो, पण बसतच नाही अभ्यासाला," हे आई एक दिवस तक्रार म्हणून सांगेल, पण सूर कौतुकाचा असेल. तो दिवस लक्षात ठेव. आळशी ही बढती आहे. मन लावून अभ्यास केला आणि ७२ मिळाले, तर ते ७२ तुझे. अभ्यासच केला नाही आणि ७२ मिळाले, तर उरलेले २८ तुझ्यात दडलेले आहेत, असं सगळं घर धरून चालतं. नववीपर्यंत पोचलेली बरीच मुलं एवढा हिशेब करून मनापासून आळशी होतात, आणि पालक समजतात मोबाईलमुळे.

हे मी पदरचं सांगत नाही. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या, म्हणजे तुझ्याच वयाच्या, मुलांना कोडी घातली. सगळ्यांना छान म्हटलं, पण काहींना म्हटलं "हुशार आहेस" आणि काहींना "मेहनत घेतलीस". एका वाक्याचा काय तो फरक. पुढचं काम निवडायला सांगितलं तेव्हा हुशार ठरलेल्यांतल्या बहुतेकांनी हमखास जमेल असं काम उचललं, तर मेहनती ठरलेल्यांतल्या बहुतेकांनी ज्यातून शिकायला मिळेल असं. मग मुद्दाम कठीण कोडी देऊन सगळ्यांना एकदा आपटवलं आणि पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली. हुशारांचे गुण आधीपेक्षा घसरले, मेहनतींचे वाढले. शेवटी दुसऱ्या शाळेतल्या मुलांना स्वतःचे गुण कळवायला सांगितले, तर दहा हुशारांपैकी जवळजवळ चौघांनी ते वाढवून लिहिले. ज्यांचं तोंडही कधी बघायचं नव्हतं, अशा मुलांना! पुढे या विषयाची प्रशिक्षणं निघाली, वर्गावर्गांत तक्ते लागले, आणि मोठ्या पडताळण्या झाल्या तेव्हा त्यांचा परिणाम बेताचाच निघाला. वर्षानुवर्षं घरात ऐकलेलं भिंतीवरच्या तक्त्याने उतरेल, असं फक्त शिक्षणखात्याला वाटू शकतं.

पायरी तिसरी : न येणाऱ्या गोष्टी

करू नयेत.

थोडं खुलासेवार सांगतो. मे महिन्यात गावी चुलतभाऊ विहिरीवर नेतील. पाठीला पत्र्याचा डबा बांधून, सहा वर्षांच्या पोरांच्या बरोबरीने, नाकातोंडात पाणी घेत हातपाय मारावे लागतात. काठावर चपला सांभाळत बस, आणि पुस्तक जवळ असू दे. "त्याला वाचनाची फार आवड आहे," असं कुणीतरी म्हणेलच. तबला, सायकल, मुलीशी बोलणं, सगळ्याला हाच नियम. वर्गात "कळलं का?" विचारलं की मान सगळ्यांत आधी तुझी हलली पाहिजे. न कळलेल्यांनी हात वर करायचा असतो, आणि सर तुझ्याकडे बघूनच पुढे सरकतात.

अपवाद फक्त होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रकल्पाचा. सहावीत आणि नववीत लेखी, प्रात्यक्षिक, प्रकल्प, मुलाखत अशा पायऱ्या असतात. प्रकल्पाला खरोखर काहीतरी करून बघावं लागतं, ते फसूही शकतं. घाबरू नकोस, बहुतेक घरांत तो बाबा करतात.

तुझ्या बाकावरचा मित्र यादीत थोडक्यात हुकला असेल. तो दोन दिवस तुझ्याशी बोलणार नाही, मग पतंग उडवायला जाईल. त्याला सांगायचं असेल तर एवढं सांग. १९२१ मध्ये लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक मोजून दीड हजारांवर मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्यांतल्या एकालाही नोबेल मिळालं नाही. चाळणीतून खाली पडलेल्या दोघांना मिळालं : विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. मित्राला याने बरं वाटेल. तुला वाटणार नाही.

पायरी चौथी : अकरावी

दहावीला ९६ टक्के पडतील आणि तुला लातूरला, पुण्याला किंवा थेट कोट्याला धाडतील. तिथल्या खोलीत तुझ्यासारखेच दीडशे बसलेले, प्रत्येकाच्या शाळेच्या फाटकावर एक फ्लेक्स. पहिल्या चाचणीत तू एकशे बारावा येशील. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून हे दाखवून दिलंय : तेवढ्याच कुवतीचं मूल निवडक हुशारांच्या शाळेत घातलं की स्वतःला कमी लेखू लागतं. आपल्याकडे वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. गोठा बदलल्यावर गायीचं काय झालं, ते म्हणीत नाही.

या पायरीवर ही पुस्तिका फारशी उपयोगी नाही. अडलेलं विचारायचं कसं, चुकलेलं पुन्हा करायचं कसं, कुणी बघत असताना हरायचं कसं, हे इतरांनी तिसरीपासून रोज थोडं थोडं उरकलेलं असतं. तुला ते सतराव्या वर्षी, हॉस्टेलच्या खोलीत, एकदम करायचं आहे. घरून रोज नऊ वाजता फोन येईल. "कसं चाललंय?" याचं उत्तर "मस्त" असं आहे. उत्तर बदलून बघायचं असेल तर आधी बहिणीशी बोल. तिला नापास होण्याचा अनुभव आहे, आणि ती घाबरत नाही.

पालकांसाठी सूचना : ही पुस्तिका तुमच्यासाठी नाही. तरीही वाचलीत, आणि एखादा मुद्दा समजला नाही, तर मुलाला विचारू नका. तो "समजलं" असंच सांगेल.