उंदीर, खड्डे आणि पेट्रोल वगळून

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी ताशी पंचवीसच्या वेगाने त्यावरून अलगद चढते-उतरते. आमच्याकडच्या गतिरोधकांना हा नियम कोणी वाचून दाखवलेला नाही. एखादा अपघात होतो, रास्ता रोको होतो, आणि रातोरात उरल्यासुरल्या गिट्टी-डांबराचा ढिगारा रस्त्यावर आडवा होतो. ट्रॅक्टर त्यावरून जातो, एसटी जाते, संत्र्याने भरलेली पिकअपही शिव्या देत का होईना पण जाते. आता त्यावरून दोन दारांची जर्मन स्पोर्ट्स कार जाणार आहे. आमच्या पुतण्याने ठरवलंय.

दोष समृद्धी महामार्गाचा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आर्वी तालुक्यातून सिमेंटचा तो पट्टा गेला आणि ताशी १२०ची कायदेशीर परवानगी मिळाली. तेव्हापासून आमच्या भागातल्या पोरांना आपल्या जुन्या गाड्या बैलबंडी वाटायला लागल्या. आमच्या आष्टीहून समृद्धीपर्यंत पोहोचायला आधी आर्वीपर्यंतचा रस्ता पार करावा लागतो, हा तपशील तरुण माणसाच्या नजरेत भरत नाही.

तर गाडी २०१६ची, मुंबईतल्या एका डीलरकडची. पहिला मालक डॉक्टर. (जुन्या गाडीचा पहिला मालक कायम डॉक्टर असतो, आणि तो ती फक्त रविवारी काढत असतो.) संत्र्याच्या आंबिया बहाराने यंदा साथ दिल्यामुळे गाडी घ्यायची की नाही, हा प्रश्न घरात उरलेला नाही. वाद आहे तो एक्स्टेंडेड वॉरंटीचा. दोन वर्षांचे पावणेदोन लाख.

“काका, टेन्शन कायचं? इंजन गेलं, गिअरबॉक्स गेला, तं कंपनी पाहून घेते,” असं पुतण्या म्हणाला. त्याचा मोबाइलवरचा सेल्समन तर ‘मनःशांती’ हा शब्द इतक्यांदा वापरत होता की मला क्षणभर वाटलं, फोन गुरुकुंज मोझरीच्या आश्रमातून आला असावा.

पण त्या पोराच्या आणि सेल्समनच्याही ध्यानात एक गोष्ट आली नाही. अटी-शर्ती बारीक अक्षरात छापून आष्टीच्या शेतकऱ्याला गुंडाळायचे दिवस गेले. आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे पोराच्या वडिलांनी, पीकविम्याची माहितीपत्रकं तोंडपाठ केलेली आहेत. २०२३च्या खरिपात सरकारने एक रुपयात पीकविमा दिला, २०२५ मध्ये तो गुंडाळला, आणि त्या दोन टोकांच्या मध्ये दादांनी विम्याच्या भाषेत डॉक्टरेट मिळवली. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं, हे त्यांना झोपेत विचारा. संत्र्याचा विमा तर हवामानावर चालतो. पाऊस किती पडला हे तुमच्या बागेने सांगून भागत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या यंत्राने सांगावं लागतं. बागेत फळांचा सडा पडलेला असतो आणि यंत्र म्हणतं, सारं आलबेल आहे. अशा शाळेतून निघालेल्या माणसापुढे पुतण्याने ती चोवीस पानी वॉरंटी ठेवली.

दादांनी चष्मा लावला, बॉलपेन घेतला आणि ‘काय काय मिळेल’ची चकचकीत पानं न पाहताच उलटली. थेट शेवटून वाचायला सुरुवात केली. जाणकार माणूस विम्याचा कागद शेवटून वाचतो.

क्लच प्लेट: नाही. ब्रेक पॅड, डिस्क, टायर, बॅटरी, वायपर: नाही, नाही, नाही. झीज होणारे भाग वॉरंटीत धरत नाहीत, इथवर ठीक. खड्ड्याने वाकलेली चाकं नाहीत. धूळ किंवा पाणी गेल्याने झालेलं नुकसान नाही. उंदीर, घुशी वगैरे प्राण्यांनी कुरतडलेल्या वायरी नाहीत. इथे दादा थांबले. गाडी जिथे उभी राहणार ते शेड म्हणजे जुना गोठा. शेजारच्या खोलीत तूर. तिथल्या उंदरांनी आजवर ट्रॅक्टरची, मोटरपंपाची आणि स्टार्टरची वायर चाखलेली आहे. जर्मन वायरिंगची चव त्यांना अजून माहीत नाही, एवढंच.

“म्हणजे बिघडून बिघडून जे बिघडन ते सोडून बाकीची वॉरंटी,” दादा म्हणाले.

खरी गंमत मात्र यादीत नाही, यादीच्या फटीत आहे. मोटार विमा अपघाताची भरपाई देतो. यांत्रिक किंवा विजेचा बिघाड त्यात येत नाही. वॉरंटी बिघाडाची भरपाई देते. अपघात त्यात येत नाही. ऐकायला कसं चोख वाटतं! आता गतिरोधकाकडे परत या. गाडीचं पोट घासलं, ऑइल संपला, म्हणजे तळाच्या तेलपात्राला, चीर गेली, तेल ठिबकत राहिलं. चालकाला वाटलं, थोडं तर घासलं, चालतंय. कारंज्यापर्यंत जाताजाता इंजिन जाम. वॉरंटीवाला म्हणणार, हा बाहेरून बसलेला मार आहे, विम्याकडे जा. विमावाला म्हणणार, संपचे पैसे देतो, पण तेल गळत असताना गाडी चालवून इंजिन तुम्ही जाळलंत, तो परिणामी नुकसानीचा भाग, तो पॉलिसीत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाची जोड घेतली तर ही फट बुजते. पण ती जोड विमा कंपन्या सहसा नव्या गाड्यांना खुशीने देतात आणि गाडीचं वय वाढलं की आढेवेढे घेतात. म्हणजे जिथे आष्टीचा रस्ता आणि २०१६ची गाडी एकमेकांना भेटणार, नेमकी तीच जागा दोन्ही कागदांनी मोकळी सोडलेली.

मग पेट्रोल. ‘उत्पादकाने शिफारस केलेलेच इंधन वापरावे.’ वाक्य निरुपद्रवी दिसतं. पण २०३० साली गाठायचं वीस टक्के इथेनॉलचं लक्ष्य सरकारने २०२५वर आणलं आणि गाठलंही. आता पंपावर जे मिळतं ते ई-२०. नऊ-दहा वर्षं जुन्या गाडीच्या झाकणावर आणि पुस्तिकेत मात्र त्या काळचा हिशेब छापलेला असतो, तो बहुधा दहा टक्क्यांच्या वर जात नाही. विम्याला काही बाधा येणार नाही, असं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. विम्याला! कुठल्याशा खासगी कंपनीच्या वॉरंटीला मंत्रालयाचा खुलासा कशाला बांधील असेल? उद्या फ्युएल पंप गेला तर पहिला प्रश्न येणार, पेट्रोल कोणतं भरलं होतं. जे मिळतं ते भरलं होतं, हे उत्तर खरं असलं तरी त्याला पुस्तिकेत चौकट नाही.

एवढं होऊनही पुतण्या हटेना. “काका, चोवीस तास मदत हाय. बंद पडली तं उचलून नेते.” म्हटलं, लाव फोन. लावला. पलीकडे गोड आवाज.

“सर, लोकेशन?”

“आष्टी.”

“जिल्हा बीड, सर?”

“नाही, वर्धा.”

“सर, सिस्टिममध्ये आष्टी बीड येतंय. आणि एक आष्टी गडचिरोलीत.”

बीडची आष्टी नगरच्या बाजूला, गडचिरोलीची चामोर्शीच्या. आमच्या गावाला मात्र शहीद आष्टी म्हणतात. १६ ऑगस्ट १९४२ला, नागपंचमीच्या दिवशी, इथल्या ठाण्यावर मोर्चा गेला आणि माणसं गोळीला बळी पडली, म्हणून. इंग्रज सरकारच्या दप्तरात आष्टी-चिमूरचं नाव पक्कं नोंदलं गेलं. कॉल सेंटरच्या दप्तरात अजून नाही. शेवटी ‘जवळचं मोठं शहर’ म्हणून नागपूर निघालं, आणि मग कळलं की फुकट उचलून नेण्याला किलोमीटरची मर्यादा आहे, त्यापुढचे पैसे आपले. आष्टी ते नागपूर शंभरेक किलोमीटर. दुरुस्ती मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्येच करायची ही अट वेगळी. आमच्या चौकातला मिस्त्री कितीही हुशार असो, त्याने नट फिरवला की वॉरंटी फिरली.

सगळ्यात चिवट कलम दादांनी शेवटी काढलं. गिअरबॉक्स बिघडला तर तो उघडून पाहिल्याशिवाय कारण कळत नाही. उघडायची मजुरी मालकाने भरायची. कारण वॉरंटीत बसलं तर परत, नाही बसलं तर गेली. दोन क्लचच्या या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये कारण म्हणून ‘झीज’ सापडणं फार सोपं आहे. नऊ वर्षांच्या वस्तूत झीज नाही सापडणार तर काय सापडेल, सोनं?

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीनेच आपल्या वापरलेल्या गाडीला दिलेली वॉरंटी ही थोडी वेगळी जात आहे. पोर्शवाले जगभर आपल्या अशा गाड्या १११ मुद्द्यांवर तपासून मगच हमी देतात. तपासणारा, दुरुस्त करणारा आणि पैसे देणारा एकच असला की टोलवाटोलवीला जागा कमी राहते. ज्याचं घर अशा वर्कशॉपपासून अर्ध्या तासावर आहे, जो सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं फायलीत लावून ठेवतो, त्याने ती जरूर घ्यावी. पण डीलरने गाडीसोबत चहा-बिस्किटासारखी पुढे सरकवलेली तिसऱ्याच कंपनीची योजना असेल, तर पैसे कोण देणार हे आधी विचारावं. बहुतेक वेळा मागे एखादी विमा कंपनी असते, आणि ज्याच्याशी तुम्ही बोलताय तो नुसता पोस्टमन.

आणि खरं सांगायचं तर वॉरंटीआधी पाहायचं ते गाडीच्या कागदांकडे. डीसी अवंती आठवते? पुण्यात बनलेली, २०१२च्या ऑटो एक्स्पोत झळकलेली, भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून गाजलेली. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी कंपनीच्या संस्थापकाला अटक केली. एकाच इंजिन-चासी क्रमांकावर एकाहून जास्त नोंदण्या आणि त्याच गाड्यांवर अनेक कर्जं, असा आरोप होता. आरोपाचं काय ते न्यायालय पाहील. आपण एवढं पाहायचं की चासीवर कोरलेला नंबर आणि आरसी बुकातला नंबर एकच आहे ना, परिवहनच्या संकेतस्थळावर बँकेचा बोजा दिसतो का, दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र हातात आहे का. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते मागायला लाजू नये. पुतण्याने मागितलं. डीलर म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. चार दिवस झाले, मनःशांतीचे मेसेज नेमाने येतायत, अधिकारपत्र नाही.

भांडायची वेळ आलीच तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक सोय केली आहे: तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. मोजलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर वर्ध्याचा जिल्हा आयोग, त्यावर गेला तर राज्य आयोग. एकतर्फी, ग्राहकावर अन्याय करणाऱ्या कराराला या कायद्यात ‘अनुचित करार’ असं नाव आहे. मात्र त्याविरुद्धची दाद राज्य आयोगाकडे मागायची असते, हे पाहून दादांनी बॉलपेनाने तिथेही एक रेघ मारली.

दादांचा निकाल असा लागला. गाडी आणायची तर आधी नागपूरचा एखादा तटस्थ मिस्त्री मुंबईला नेऊन लिफ्टवर खालून पाहायची. पावणेदोन लाख वॉरंटीला द्यायचे नाहीत. जिल्हा बँक सोडून कुठल्याही बँकेत दोन वर्षांच्या ठेवीत टाकायचे, पावतीवर पोराचं नाव, पण मोडायला सही बापाची. गिअरबॉक्स गेला तर त्यातून. तेवढ्यात भागलं नाही तर गाडी झेपत नव्हती असं समजायचं आणि विकायची.

“अन् दोन वर्षांत काहीच नाही झालं तं?” पुतण्याने शेवटचा डाव टाकला.

“तं ट्रॅक्टरचे मागचे दोन्ही टायर येतात,” दादा म्हणाले. “वर पैसे उरतात. उंदरांसाठी पिंजरा घेऊ.”