नाक दाबलं की तोंड उघडतं

ही म्हण राजकारणात शोभते. काही घरांत मात्र ती रोज सकाळी बाळावर वापरतात. गुटी उगाळून झाली, बाळ मांडीवर आडवं झालं आणि त्याने ओठ घट्ट मिटले, की दोन बोटांनी नाकपुड्या चिमटायच्या. बाळ कासावीस होऊन आ करतं, बोंडलं रिकामं होतं. पण त्या क्षणी ते गिळत नसतं, श्वास ओढत असतं. मग गुटी कुठे गेली?

तान्हं बाळ श्वास घेतं ते मुख्यतः नाकाने. त्याच नाकात मालिश करताना तेलाचे थेंब सोडायचे, वर ते धारदार व्हावं म्हणून चिमटीत ओढायचं. तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. नाक शेवटी आजोबांवर जायचं ते जातंच.

बाळंतिणीची खोली बघा. खिडक्या बंद, बाजेखाली कोळशाची शेगडी, वर ओव्याची धुरी. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओव्याला असतो, म्हणून सगळं छान वाटतं.

मग बाळाला झोपवायचं. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी, थंडी वाजू नये म्हणून गळ्यापर्यंत गोधडी, दोन्ही बाजूंना लोड, पायाशी आत्याने आणलेलं अस्वल. गोधडी नाकावर आली तर ती बाजूला सारायची ताकद त्या हातांत असते का?

पहिलं वर्षभर उशी नको. लोड नको. अस्वलही नको.

टणक, सपाट गादी आणि तिच्यावर उताणं बाळ. एवढंच लागतं. यावर ठरलेला आक्षेप येतो : दूध उलटलं तर श्वासनलिकेत जाईल ना? बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. उलटलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं घातलं की त्याच चढाचा उतार होतो.

‘पण पालथं घातलं की कसं गाढ झोपतं!’ हो, झोपतं. नाक गादीत रुतलं तरी चटकन जाग येत नाही, इतकं गाढ.

ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये ‘बाळाला पाठीवर झोपवा’ हे घरोघरी पोचवलं. पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक बालमृत्यूंचं प्रमाण अमेरिकेत निम्म्यावर आलं. त्यासाठी ना नवं औषध लागलं, ना यंत्र. बाळाची बाजू तेवढी बदलली.

आपल्याकडे ‘आमची चारही पालथीच झोपून मोठी झाली’ म्हटलं की चर्चा संपते. जी मोठी झाली नाहीत, ती सांगायला येत नाहीत.

आता बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी घराघरांत चालतं, आणि मला ते फार आवडतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं भांबावलेलं बाळ. डोक्यावरून माप उपडं होतं : बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे तुकडे, शेंगदाणे, हल्ली चॉकलेटच्या गोळ्याही. पाचव्या वर्षापर्यंत कधीही करता येणारा हा समारंभ. मग दाढाच न आलेल्या बाळावर पहिल्याच संक्रांतीला हे सगळं ओतायची घाई का?

गेल्या संक्रांतीला मी एका घरी होते. बाळ आठ महिन्यांचं. माप ओतलं, पोरं खाऊवर तुटून पडली, मोठी माणसं मोबाइल धरून उभी. बाळाने मुठीत सापडलं ते तोंडात घातलं. एक उबळ आली. मग आवाजच बंद झाला. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, ओठ निळसर. रडत नाही म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

घुसमटणारं बाळ ओरडत नाही. ओरडायला हवा लागते.

आजी तोंडात बोट घालायला धावल्या. बाळाची मामी नर्स आहे. तिने आजींचा हात धरला, बाळाला आपल्या हातावर पालथं घेतलं, जबड्याला आधार देऊन डोकं छातीपेक्षा खाली केलं आणि दोन खांद्यांच्या मधे तळव्याच्या टाचेने रट्टे दिले. एक, दोन, तीन. चौथ्याला सतरंजीवर अर्धा शेंगदाणा पडला, लाळेने चकचकीत. मग बाळ रडलं. इतकं सुंदर रडणं मी ऐकलेलं नाही.

त्या मिनिटाचं चित्रण आहे. त्यात सगळे हसताना ऐकू येतात.

त्या वयात श्वासनलिका पेन्सिलीहून अरुंद. पुढचे चार दात शेंगदाणा तोडू शकतात, दळायला दाढा लागतात. आणि उबळ थांबली म्हणजे दाणा बाहेर आला, असं समजू नका. तो खाली एखाद्या फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसतो, बाळ पुन्हा खेळू लागतं आणि आठवड्यांनी ‘खोकला काही हटत नाही’ म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात. शेवटी भूल देऊन दुर्बिणीने काढावा लागतो. पहिल्या दिवशीची ती उबळ डॉक्टरांना सांगायची आठवण कुणाला राहते?

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची एक चाचणी असते. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात जो सुटा भाग पूर्ण मावला, तो नापास. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. पण ते चिन्ह खुळखुळा घेताना बघतो कोण? तो फुटला की आतले खडे मोजतो कोण?

पहिल्या वाढदिवसाला फुग्यांची कमान हवीच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात गेला की घशाचाच आकार घेतो, हवेला फट ठेवत नाही. रात्री पाहुणे जातात. सकाळी रांगतं बाळ केर काढायच्या आधी उठतं.

त्या संक्रांतीच्या दुपारी पानं वाढून तयार होती. मामीने कुणाला बसू दिलं नाही. एक दुपटं घट्ट गुंडाळलं आणि बाळाच्या बाबांच्या हातावर पालथं ठेवलं. खोकला जोरात येत असेल तर खोकू द्या, मध्ये पडू नका. आवाज बंद झाला तर पाठीवर पाच रट्टे. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. पुन्हा पाठीवर पाच. तोंडात बोट फक्त डोळ्यांना दिसत असेल तर. दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ लावायचा. शुद्ध हरपली तर छाती दाबून श्वास द्यायचा, तो तिने वेगळा शिकवला.

बाबांनी दुपट्यावर हळूच थोपटलं, झोपवताना थोपटावं तसं.

“भाऊजी, दुपटं आहे ते,” मामी म्हणाली. “जोरात.”