रॅमभाऊ

लिफ्ट नसलेली, चार मजल्यांची, गच्चीवर पत्रे घातलेली सोसायटी दिसली की समजावं, इथं एक रॅमभाऊ राहतात. बोरिवली-घाटकोपरकडेही असतात, पण मुलुंड पूर्वेला तर दर जिन्याला एक. निवृत्त, सोसायटीचे माजी खजिनदार, खिशाला दोन पेनं, आणि मुलाच्या इंजिनियरिंगच्या ॲडमिशनला घेतलेल्या असेंबल्ड कॉम्प्युटरचे आजीव पालक. मुलगा पुढे न्यू जर्सीला गेला. कॉम्प्युटर गेला नाही. म्हातारपणी कुणीतरी जवळ लागतंच.

आमच्या विंगमधल्या रॅमभाऊंचं मशीन 2010 सालचं. तेव्हा त्यात एक जीबी रॅम होती आणि ती पुरून उरायची, असं ते देवाशपथ सांगतात. 2016 मध्ये विंडोज दहा फुकट मिळतंय म्हटल्यावर त्यांनी ते घरात घेतलं. फुकट म्हटल्यावर रॅमभाऊ जिथं नाही म्हणू शकले, अशी जागा मला माहीत नाही. पाहुणा आला आणि पंगतीला बसताबसता अर्धं पातेलं रिकामं करून मोकळा झाला. तेव्हापासून घरात मेमरीची टंचाई आहे. टंचाई हा शब्द त्यांचाच, आणि त्यावरचा बंदोबस्तही पाणीकपातीतलाच: वेळ ठरवून वापरायचं, एका वेळी एकच नळ, आणि दाब कमी झाला की वरच्या मजल्यावर संशय घ्यायचा.

विजेचं बिल भरायचा दिवस असला तर सकाळी नऊला तयारी सुरू होते. आधी टास्क मॅनेजर उघडून रॅमभाऊ हजेरी घेतात. "हा प्रिंटरवाला कशाला बसलाय? प्रिंटर विकून सहा वर्षं झाली. ऊठ!" एकेकाला उठवत उठवत ते कोपऱ्यातल्या घड्याळाजवळ येऊन थांबतात, कारण ते बंद कसं करायचं हे अजून सापडलेलं नाही. पडद्यावरचा गणपती काढून तिथं काळा रंग केला, तर काकूंनी दोन दिवस अबोला धरला. मेमरी आणि मिक्सर यांचा काहीही संबंध नाही हे काकूंना चार वेळा समजावून झालंय. तरी ब्राउझर उघडायच्या वेळी त्या खोबऱ्याचं वाटण मध्येच थांबवतात. मग पान उघडतं. निम्मं उघडतं. फोनवर ओटीपी येतो, रॅमभाऊ तो खणखणीत आवाजात वाचतात, टाकायची चौकट मात्र अजून यायची असते. चौकट येते तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली असते. शेवटी काकू ओट्याशी उभ्या राहून स्वतःच्या फोनवरून बिल भरतात आणि वाटण पुढे चालू करतात. रॅमभाऊ ते भरलेलं बिल एक्सेलमध्ये चढवतात. हिशेब घरच्या कर्त्या मशीनवरच राहिला पाहिजे.

मी एकदा धीर करून विचारलं, "काका, हे मध्ये मध्ये अडकतं, त्या वेळी आत नेमकं काय चालतं?"

"अरे, सोपं आहे," ते म्हणाले. "रॅम म्हणजे ही आपली बाहेरची खोली. बसायला तीच, जेवायला तीच, झोपायला तीच. माणसं वाढली की काय करतोस? आत्ता नको ते सामान माळ्यावर टाकतोस. हार्डडिस्क म्हणजे माळा. तिथं विंडोजने एक जागा धरून ठेवलेली असते, पेजफाइल म्हणतात. खोलीत मावेना की गाद्या माळ्यावर. रात्री गाद्या हव्यात की स्टूल लाव, गाद्या काढ, त्या जागी पाट वर टाक. सकाळी पाट काढ, गाद्या वर. पाहुणे फारच झाले तर घरातला एक माणूस दिवसभर स्टुलावरच. घर चालतंय, पण जेवायला कोणी बसलेलं नाही. याला हँग होणं म्हणतात."

व्हर्च्युअल मेमरीचा याहून सोपा पाठ मला कॉलेजात कुणी दिला नव्हता. फीही घेतली नव्हती असं नाही.

ही समज आली कुठून, तर साडेतीनशे फुटांच्या वन रूम किचनमध्ये सहा माणसांचा संसार झाला, तिथून. दिवाणाखाली ट्रंक, ट्रंकेत पिशवी, पिशवीत पिशव्या. रॅमभाऊंना रॅम वाढवण्याचा खरा सोसच नाही. आहे त्यात बसवून दाखवण्याचा आहे.

तरी 2018 मध्ये त्यांनी एकदा जागा वाढवली. नळाचा वायसर नेतात तशी जुनी रॅम रुमालात गुंडाळून, दादरला गाडी बदलून, स्लोने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, पण त्या नावाने विचारलं तर रॅम कुठे मिळते ते कोणी सांगत नाही. पहिल्या खेपेला डीडीआर थ्री घेऊन आले. बोर्ड डीडीआर टूचा. दोघींच्या पिना 240, लांबी तीच, फक्त मधली खाच जराशी सरकलेली. "पत्रिका जुळली रे, एकनाड निघाली," म्हणत दुसऱ्या खेपेला दोन-दोन जीबीच्या दोन आणल्या. मशीन चालू केलं. पडद्यावर आलं: चार जीबी, पैकी वापरण्याजोगी 3.25.

रॅमभाऊ पाहतच राहिले. विंडोज 32 बिटचं होतं. त्याला मोजता येणारे पत्तेच चार जीबीचे, आणि त्यातले काही ग्राफिक्स वगैरे मंडळींसाठी आधीच राखलेले. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना कळून चुकलं होतं.

"म्हणजे चार बिल्टअप आणि सव्वातीन कार्पेट! पाऊण जीबी जिना आणि पॅसेजमध्ये गेली!" मग जरा थांबून, "फ्लॅटला निदान रेरा आला. रॅमला कधी येणार?"

जुन्या रॅम त्यांनी टाकल्या असतील असं वाटत असेल, तर तुम्ही रॅमभाऊंना ओळखलं नाही. त्या चष्म्याच्या जुन्या केसमध्ये आहेत. अंगाबरोबर बसतात. परिणामी वाचायचा चष्मा शोधताना दर वेळी आधी 512 एमबी सापडते.

पावसाळ्यात मशीन सुरू होताना नुसतं टूं टूं करतं. हा आवाज आमच्या जिन्यात कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा आहे. रॅमभाऊ कॅबिनेटचं दार उघडतात (स्क्रू केव्हाच गेले, दार रबरबँडवर आहे), रॅम उपसतात, नातवाच्या पांढऱ्या खोडरबराने तिची सोनेरी कड घासतात, फुंकर मारतात आणि दोन्ही अंगठ्यांनी टक् आवाज येईपर्यंत दाबतात. मशीन चालू होतं. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवावीत, पण दुकानातला पोरगा हेच करून तीनशे घेतो आणि वर "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज दहाचा आधार संपला. अकराला किमान चार जीबी लागते, शिवाय टीपीएम नावाची एक सुरक्षेची चिप, जी या बोर्डाने ऐकलेलीसुद्धा नाही. न्यू जर्सीहून फोन आला, "बाबा, आता नवीन घ्या, पैसे मी पाठवतो." रॅमभाऊ जवळजवळ तयार झाले होते. आणि नेमके त्याच सुमारास जगभर रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, कारखाने तिकडे वळले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशिअल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँड गुंडाळायचं जाहीर केलं. रॅमभाऊ ती बातमी घेऊन चारही मजले चढले. गुडघे दुखतात म्हणून गणपतीच्या वर्गणीला येत नाहीत, ते.

"बघ, जग पण माळ्यावर आलं," मला म्हणाले. त्यांच्या घरी दसऱ्याला कॅबिनेटवर वाहिलेलं आपट्याचं पान अजून तिथंच होतं.

सध्या सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीये. मागच्या सभेत बिल्डरचा माणूस आला होता. जिम, पोडियम, वाढीव कार्पेट, भाडं, कॉर्पस, सगळं सांगून झालं. कुणाचा प्रश्न आहे का, म्हटल्यावर मागून रॅमभाऊ उठले.

"माळा किती बाय किती?"

"सर, नवीन फ्लॅटमध्ये माळा नसतो."

रॅमभाऊ खाली बसले. बाकी सगळ्या सभासदांच्या सह्या झाल्या आहेत. त्यांची अजून झालेली नाही.