गुप्त डाउनलोडाचा शास्त्रोक्त विधी

ज्या सद्गृहस्थास टॉरेंटद्वारे एखादी फाइल, उदाहरणार्थ डेबियन या मोफत संगणकप्रणालीची अधिकृत प्रत (आमचे वाचक याखेरीज दुसरे काही उतरवीत नसणार, याची आम्हांस खातरजमा आहे), शेजारी, सेवादाता व सरकार यांपैकी कोणासही सुगावा न लागता उतरवून घ्यावयाची असेल, त्याने प्रथम सेटिंगमधील एन्क्रिप्शन सक्तीचे करावे आणि आपण अदृश्य झालो अशा समाधानाने चहा मागवावा.

हे समाधान चहा संपेपर्यंत टिकते. कारण ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली निर्मिलेल्या बिटटॉरेंटचा धर्मच असा, की फाइलचे तुकडे उतरविणाऱ्यांनीच परस्परांस पुरवावेत. आणि पुरवावयाचे तर एकमेकांचा आयपी पत्ता ठाऊक असणे ओघानेच आले. एन्क्रिप्शनची तजवीज झाली ती टॉरेंट ओळखून त्याची गती रोखणाऱ्या सेवादात्यांस चकविण्यासाठी. तपासनीस मात्र ते सांकेतिक संभाषण चोरून ऐकत नसून, उतरविणाऱ्यांच्या समूहात बिनदिक्कत सामील होऊन, त्या संभाषणातील एक पक्षच झालेला असतो.

म्हणून दुसरा विधी व्हीपीएनचा, म्हणजे कुलमुखत्यार नेमण्याचा. समूहास आता त्याचाच पत्ता दिसतो, आणि सेवादात्यास एवढेच कळते की आपले या मुखत्याराशी अहोरात्र काही गुफ्तगू चालू आहे; मात्र जे आजवर सेवादात्यास ठाऊक होते ते आता मुखत्यारास ठाऊक होते, आणि आपण दफ्तर ठेवीत नाही हे त्याचे वचन तपासण्यास आपणांपाशी साधन नसते. भारतात तर सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी फर्मान काढले, की अशा कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, त्यास दिलेले आयपी आणि (हे आम्हांस विशेष रोचक वाटते) सेवा घेण्याचे प्रयोजन पाच वर्षे जपून ठेवावे. प्रयोजनाच्या रकान्यात सद्गृहस्थाने काय लिहावे, याविषयी फर्मान मौन बाळगते. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी मग आपले सर्व्हर येथून हलविले.

किल स्विच अवश्य चालू ठेवावा, नाहीतर मध्यरात्री व्हीपीएन तुटताच टॉरेंट आपल्या खऱ्या पत्त्यावरून निष्ठेने काम चालू ठेवतो. एवढा बंदोबस्त झाला, की वर्गणी स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डाने भरावी आणि पावती कचेरीच्या ईमेलवर मागवावी.