गणपतीपूर्वी

पंचांगाची अंगं पाच: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. सहावं अंग मुंबई-गोवा महामार्गाने दिलं: ‘गणपतीपूर्वी’. हा मुहूर्त दरवर्षी निघतो, फक्त कुठल्या वर्षीचा ते कोणी विचारायचं नसतं.

2011 साली पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला हात लागला. (इंदापूर रायगडातलं. पुण्याकडचं असतं तर एव्हाना झालं असतं.) त्या वर्षी जन्मलेल्या पोराला आता मिसरूड फुटलं, पण बाप अजून त्याला सांगतोय, ‘पुढच्या वर्षी सहा तासांत पोचू.’

यात सरकारचा दोष नाही, हे आधी मान्य करा. दोष चंद्राचा आहे. 2020 चा अधिक मास आश्विनात पडला, म्हणजे गणपती उलटून गेल्यावर. असला मास ठेकेदाराला काय कामाचा? 2023 साली मात्र आकाश त्याच्या बाजूने उभं राहिलं. अधिक श्रावण आला, गणपती 19 सप्टेंबरपर्यंत लांबले. महिनाभराची मुदतवाढ, तीही अर्ज न करता! एक मार्गिका गणपतीपूर्वी आणि उरलेलं सगळं डिसेंबरअखेर, असा वायदा होता. कशेडी बोगद्याची एक बाजू उघडली, हे खोटं बोलणार नाही. डिसेंबर मात्र नुसताच येऊन गेला. 2025 मध्ये अधिक मासच नव्हता, बाप्पा 27 ऑगस्टलाच हजर. माणगाव आणि इंदापूरचे बायपास तेव्हाही अर्धवट. देवानेच घाई केली, त्याला खातं काय करणार?

काही नतद्रष्ट लोक लगेच कोकण रेल्वेचं नाव काढतात. 1990 मध्ये काम सुरू, नव्वदहून जास्त बोगदे, त्याच दरडी, तोच पाऊस, आणि जानेवारी 1998 मध्ये गाडी थेट धावायला लागली. ही तुलना अन्यायाची आहे. रेल्वेला वेळापत्रक असतं. रस्त्याला पाहणी दौरा असतो. मंत्री येतात, खड्डा बघतात, अधिकाऱ्याला झापतात, नवी तारीख देतात. खड्डा सगळं ऐकून घेतो आणि जागेवरच राहतो.

चाकरमानी तरी कमी आहे का? रेल्वेचं आरक्षण हुकलं की रात्री एसटीत बसतो. सकाळी गावाहून फोन येतो, ‘खंय पोचलंस?’ ‘माणगावात.’ ‘मगाशीपण माणगावातच होतंस मां?’ तोवर गावी मूर्ती पाटावर बसलेली असते आणि भटजी पुढच्या घरी निघालेले असतात.

माझी एक नम्र सूचना आहे. यापुढे तारीख देताना गणपती भाद्रपदातला की माघातला, हे सांगूच नका. पाच महिने आणखी मिळतील आणि शब्दही मोडणार नाही.