ब्रेक पॅड आणि डिस्क निवडीचं बुरोंडी-शास्त्र

प्रस्तुत मार्गदर्शन बुरोंडी, तालुका दापोली, येथे राहणाऱ्या किंवा गाडी तिथे ठेवून स्वतः मुंबईत राहणाऱ्या चारचाकीधारकांसाठी आहे. पुण्याच्या वाचकांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना सगळं आधीच ठाऊक असल्यामुळे उपयोग होईलसं वाटत नाही.

आरंभी गाडीची प्रकृती ओळखावी. इतर गावांत ब्रेकचा पॅड झिजतो तो ब्रेक मारून. बुरोंडीत डिस्क मरते ती उभ्या उभ्या. डिस्क असते साध्या बिडाची, आणि बिडाला समुद्र मानवत नाही. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला असं सांगतात, त्याचा पुतळाही बुरोंडीत पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. पण खारा वारा हटवायचं राहून गेलं. तेव्हा दिवाळीला आणलेली आणि मे महिन्यात ताडपत्री काढलेली गाडी एक मैलही न चालता डिस्क खाऊन बसलेली असते. याला गाडी ‘जपून ठेवणं’ म्हणतात.

निदान आवाजावरून करावं. पावसाळ्यात सकाळी गाडी काढताना पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येते. तो रात्रीत धरलेला पातळ गंज. पॅड तो स्वतःच पुसून टाकतो, त्याच्यासाठी कोणाला फोन करू नये. दुसरा आवाज बारीक, शिट्टीसारखा, चाक फिरताना येणारा. पॅडचा मसाला संपत आला की बऱ्याच पॅडांना लावलेली पत्र्याची छोटी जीभ डिस्कला घासते आणि ओरडते. कारखान्याने ती मुद्दाम मालकाला उठवण्यासाठी बसवलेली असते. म्हणून हा आवाज येताच काचा वर कराव्यात आणि गाण्यांचा आवाज वाढवावा. महिन्या-दोन महिन्यांत शिट्टी थांबून लोखंडावर लोखंड घासल्याचा दणदणीत आवाज सुरू होतो, आणि मग पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च करण्याचा मान मिळतो.

डिस्क बदलायची की नाही, हे खरं तर डिस्कवरच लिहिलेलं असतं. कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. नवी डिस्क आणि बाद डिस्क यांच्यात लहान गाड्यांना साधारण दोन मिलिमीटरचाच फरक असतो. हा आकडा वाचायला चाक काढावं लागतं, तारेच्या ब्रशने गंज घासावा लागतो आणि चष्मा घरून आणावा लागतो. त्यामुळे आपल्याकडे तो सहसा कोणी वाचत नाही; अंगठा फिरवून, एक डोळा मिटून, “अजून एक सीझन जाईल” असं सांगण्याची पद्धत आहे. कुठला सीझन, आंब्याचा की मासळीचा, हे विचारण्याची पद्धत नाही.

आता सल्लागार मंडळ. यासाठी निमंत्रणं काढावी लागत नाहीत. बॉनेट उघडलं की मंडळ जमतं. ब्रेकचा आणि बॉनेटचा फारसा संबंध नसला तरी ते उघडावंच, कारण त्याशिवाय कोरम होत नाही. एक काका सांगतील की कंपनीचाच माल घ्या. दुसरे म्हणतील, लोकल टाका, तो मऊ असतो. तिसरे, ज्यांनी आयुष्यभर अँबॅसिडर चालवली, ते म्हणतील, “आमच्या वेळी कुठं होत्या तुमच्या डिस्का? ड्रमवर घाट उतरलो.” त्यांना नम्रपणे सांगावं की डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 साली घेतलं, म्हणजे काकांच्याही आधी. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि तिथल्या धुळीच्या, खडबडीत रस्त्यांवर भराभर झिजायचे. पुढे 1953 साली ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर बाजी मारली, तेव्हा जगाला त्यांची किंमत कळली. एवढं ऐकून काका म्हणतील, “पण मागे ड्रमच आहेत ना तुझ्या गाडीला?” आणि बहुतेक छोट्या गाड्यांना ते असतातच. इथे चहा मागवावा.

मसाल्याचे प्रकार स्थूलमानाने तीन. ऑरगॅनिक मऊ, मुका, डिस्कशी प्रेमाने वागणारा, पण घाटात तापला की हात आखडता घेणारा. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचा कीस असतो. तो उष्णता सोसतो, थोडा कुरकुरतो, आणि खाऱ्या हवेत गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर गंजून डिस्कला चिकटूनही बसतो. मग पहिल्या गिअरला ‘टक्’ असा आवाज येऊन गाडी सुटते आणि शेजारी दार उघडून बघतात. सिरॅमिक महाग. त्याचा मोठा गुण असा की त्याची भुकटी कमी आणि फिकट असल्यामुळे चाकं काळी पडत नाहीत. बुरोंडीच्या चाकांवर जांभ्याची लाल धूळ बसते. तिच्याखाली ब्रेकची भुकटी काळी आहे की फिकट, हे पाहायला अजून कोणी वाकलेलं नाही. माझं मत असं की कंपनीच्या दर्जाचा साधा पॅड घ्यावा आणि उरलेले पैसे ब्रेक ऑइलसाठी राखून ठेवावेत. त्याबद्दल पुढे येईलच.

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर एक लांबलचक क्रमांक असतो आणि त्यात बहुधा ‘एफएफ’, ‘ईई’ किंवा ‘एफई’ अशी अक्षरांची जोडी. दुकानदाराला अर्थ विचारला तर “एफएफ म्हणजे फुल फिटिंग” असं उत्तर मिळू शकतं. ही पकडीची अक्षरं आहेत. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45, ‘जी’ त्याच्या वर. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. म्हणजे ‘एफई’चा पॅड बाजारपेठेत चांगला आणि उतारावर बेभरवशाचा. पॅड किती टिकेल हे मात्र ही अक्षरं सांगत नाहीत. त्यासाठी पुन्हा अंगठा आहेच.

डिस्क निवडताना पुतण्यापासून सावध राहावं. तो मोबाइलवर भोकं पाडलेली, खाचा मारलेली डिस्क दाखवेल आणि शर्यतीच्या गाड्यांना असतात म्हणून सांगेल. शर्यतीतली गाडी पावसाळाभर माडाखाली उभी नसते. इथे त्या भोकांत आधी लाल चिखल आणि मग गंज भरतो, आणि तडा जायचा झाला तर बहुधा भोकापासूनच सुरू होतो. पुतण्याला हवं ते दिसणं असतं, आपल्याला हवं ते थांबणं. खर्च करायचाच तर कडेला आणि मधल्या टोपीवर गंजरोधक लेप दिलेली साधी डिस्क घ्यावी. पॅड जिथे घासतो तिथला लेप दोन दिवसांत जातो. बाकीचा राहतो, आणि खाऱ्या वाऱ्याची भूक तेवढीच मंदावते.

या सगळ्याहून महत्त्वाचा प्रश्न उताराचा. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे 240 मीटरवर, बुरोंडी समुद्रकाठी. एक टनाची गाडी एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात साडेसात लिटर पाणी उकळेल. बारशाचा चहा आरामात होतो. ही उष्णता इंजिनाने घ्यायची की पॅडने, एवढंच चालकाच्या हातात असतं. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरलं तर इंजिन घेतं. पण पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणारा एक पंथ आपल्याकडे आहे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना पेट्रोल पूर्ण बंद करतात आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते पीत राहतात. म्हणजे या पंथाचे लोक पेट्रोलही जाळतात आणि पॅडही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना चाकांपाशी जळका वास आला की मागे बसलेली आत्या विचारते, “कोणाच्या गाडीचा रे?” आपल्याच.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषतं. कोकणात दुसरं शोषण्यासारखं काही नसतं. डॉट-3 प्रतीचं ताजं ऑइल 205 अंशांना उकळतं, ओल धरलेलं 140 ला. डॉट-4 ताजं 230, ओलं 155. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय थेट तळाला जातो. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावं, आणि गॅरेजच्या फळीवर गेल्या गणपतीपासून उघडा असलेला डबा प्रेमाने नाकारावा. पॅडवर हजारो रुपये उधळून शंभर-दोनशेचं ऑइल जुनंच ठेवणारे गृहस्थ मला पॅड न बदलणाऱ्यांपेक्षा अधिक धोक्याचे वाटतात.

खरेदी दापोलीला. तिथे “तुमच्या मॉडेलचा संपला, याच्या आधीच्या मॉडेलचा बसवतो” असं सांगितलं गेल्यास परत यावं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात जाऊच नये. तेव्हा अख्ख्या मुंबईच्या गाड्यांचे ब्रेक एकदमच आठवतात.

बसवताना आवाज डाव्या चाकाचा आहे म्हणून फक्त डावा पॅड बदलण्याची सूचना येईल. काटकसर स्तुत्य आहे, पण ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला जाते. जोडी दोन्ही चाकांना बदलायची असते. हबवरचा गंज घासूनच नवी डिस्क चढवावी, नाहीतर ती किंचित तिरकी बसते आणि महिन्याभरात पेडल थरथरायला लागतं. कॅलिपरच्या पिनांना खोबरेल लावू देऊ नये. गाडी हलवण्यापूर्वी पेडल दाबून दाबून घट्ट करून घ्यावं. पहिल्यांदा पाय तळाला जातो, आणि हा अनुभव गॅरेजच्या भिंतीपेक्षा जागेवर घेतलेला बरा. मग ताशी 50 वरून 10 पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारून पॅड-डिस्कची ओळख करून द्यायची असते. लाडघरच्या रस्त्यावर ती आपोआप होते: बकरी, वळण, पर्यटक, पुन्हा बकरी. शेवटी मात्र पुळणीवर लाटेत गाडी घालून फोटो काढू नये. तापलेल्या डिस्कवर समुद्र ओतणं हा अभिषेक होत नाही.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. मागचे शू ड्रमला धरून बसतात. गिअरमध्ये टाकावी आणि चाकामागे जांभ्याचा चिरा लावावा. अर्धा चिरा पुरतो. तो निवडायला दापोलीला जावं लागत नाही आणि त्याच्या कडेला कसलीही अक्षरं नसतात. फक्त मे महिन्यात गाडी काढताना आधी तो काढायचा, हे गाडी नेणाऱ्या पुतण्याला सांगून ठेवावं.