नवशिक्यांसाठी: पुण्यातल्या पुण्यात अखिल महाराष्ट्र समिती

अभिनंदन! अभ्यासक्रमाची राज्यस्तरीय समिती नेमायची फाइल अखेर तुमच्या टेबलावर आली. वरून एकच शेरा आहे: ‘सर्व विभागांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे.’ घाबरू नका. जिल्हे ३६, खुर्च्या पंधरा आणि बटाटेवडे बारा जणांचे, एवढीच अडचण आहे.

१. आधी जागा ठरवा, माणसं नंतर. जागा पुणे. राज्य मंडळ शिवाजीनगरला, बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद सदाशिव पेठेत. अख्ख्या महाराष्ट्राचं शिक्षण एका रिक्षात फिरून होतं, तर उगाच एसटी कशाला?

२. यादीत ‘राहणार’ असा रकाना ठेवूच नका, ‘मूळ गाव’ ठेवा. कोथरूडला तीस वर्षं राहिलेले, पण आजोळ परभणीचं असलेले सर गाठा. मराठवाडा झाला. सासर अकोल्याचं असलेल्या मॅडम मिळाल्या तर विदर्भ आणि महिला, दोन्ही एकाच खुर्चीत.

३. कोकण सोडून द्या. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला असतो. त्यांना आणखी काय हवं? अभिनंदनाचा ठराव करा.

४. एक सदस्य मात्र खरोखरचा लांबचा घ्या. पत्रकारांना दाखवायला लागतो. सिरोंच्याचे गुरुजी उत्तम. प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरचं गाव, नदीपलीकडे तेलंगणा. तिथून गडचिरोलीच दोनशे किलोमीटर. मग नागपूर, मग पुढे पुण्यापर्यंत आणखी सातशे. बैठकीचं पत्र सोमवारी काढा, बैठक गुरुवारी सकाळी साडेदहाला ठेवा. बिचारे आलेच, तर प्रवासभत्त्याचं बिल ‘मूळ तिकीट जोडलेले नाही’ म्हणून परत पाठवा. पुढच्या वेळी ते स्वतःच ऑनलाइन यायचं म्हणतील. तिथे ते सांगू लागतील, “मॅडम, आमची पोरं घरी तेलुगू नाहीतर माडिया बोलतात, पहिलीचा हा धडा त्यांना...” एवढ्यात आवाज तुटेल. तुटला नाही तर “सर, तुम्ही म्यूटवर आहात” म्हणा. इतिवृत्तात लिहा: ‘मा. सदस्यांनी सहमती दर्शविली.’

५. तरी कोणी आदिवासी भागाचं काढलंच, तर मुखपृष्ठावर वारली चित्र छापा. वारली डहाणू-पालघरकडचे; त्यात मेळघाटचा कोरकू आणि भामरागडचा माडिया कुठे आला, असं विचारणाऱ्याला मलपृष्ठ देऊ करा.

६. वेळापत्रक राज्यभर एकच ठेवा. समानता म्हणतात ती हीच. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत नेणारं एकच वेळापत्रक निघालं. एप्रिलअखेर चंद्रपूरला काय ऊन असतं, हे कळायला चंद्रपूरचा माणूस लागतो. तुमच्या समितीत तो ‘मूळ गाव’ रकान्यात आहे आणि सध्या बावधनला असतो. (विदर्भातल्या शाळा जूनमध्ये इतरांपेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे उन्हाची दखल सरकारी कागदावर आहेच. ती फाइल वेगळ्या कपाटात असते.)

७. एखादा सदस्य १९५३ चा नागपूर करार काढेल. दुसरा घटनेतलं कलम ३७१(२) वाचून दाखवेल, त्यात तंत्रशिक्षणाच्या सोयी सर्व भागांना न्याय्य रीतीने द्यायचं लिहिलंय म्हणून. मान डोलवा, चहा मागवा. मग अदबीने सांगा, की त्याच कलमाखाली नेमलेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

आणि पुढची बैठक नागपूरला घ्या अशी मागणी झाली, तर तिथल्या तिथे मान्य करून टाका. तारीख हिवाळी अधिवेशनातली ठेवा. अधिकारी तसेही तिथे असतात, आणि येताना संत्री आणता येतात.